घसारा वर्षांचा की गोळ्यांचा?

कर्नाळ्याच्या नावाने पनवेलमध्ये उभ्या राहिलेल्या क्रीडासंकुलात नेमबाजीचे धडे दिले गेले. सरावाने शस्त्र झिजते, हे नेमबाजाला सांगावे लागत नाही. सरकारी खरेदीखात्याला मात्र सांगावे लागते.

पॉलिमरचा सांगाडा असलेले पिस्तूल प्लास्टिकचे, म्हणून लवकर झिजणारे, ही समजूत फारशी खरी नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1982 मध्ये स्वीकारलेल्या ग्लॉक 17 चा वरचा सरकता भाग पॉलिमरमध्ये बसवलेल्या पोलादी पट्ट्यांवरून धावतो. घर्षण होते ते पोलादाचे पोलादाशी. सांगाड्याला खरे भय थकलेल्या स्प्रिंगचे. ती ढिली पडली की प्रत्येक गोळीचा धक्का सांगाड्यावर अधिक जोराने आदळतो, आणि पॉलिमरला गेलेला तडा पोलादासारखा सांधता येत नाही. स्प्रिंग स्वस्त, सांगाडा महाग! तेव्हा घसारा वर्षांवर न धरता झाडलेल्या गोळ्यांवर धरावा, हे उघड आहे. त्यासाठी प्रत्येक पिस्तुलाची स्वतंत्र नोंदवही हवी.

झीज वाचवण्यासाठी सरावच आखडता घेणे ही मात्र काटकसर नव्हे. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या सरावासाठी दारूगोळा अपुरा पडत असल्याकडे लक्ष वेधले होते. यापुढे निविदेत पिस्तुलाच्या किमतीबरोबरच दहा वर्षांच्या स्प्रिंगांचा आणि सरावाच्या गोळ्यांचा खर्चही मागवावा.