हायकोर्ट वांद्र्याला जाईल, ओव्हलसमोरच्या इमारतीचं काय?

मुंबई हायकोर्ट वांद्रे पूर्वेला हलणार, हे ठरलेलं आहे. नव्या संकुलाचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या हस्ते झालं. मात्र ओव्हल मैदानासमोरची जुनी इमारत रिकामी झाल्यावर तिचं काय करायचं, यावर फारसं कुणी बोलत नाही.

कर्नल जेम्स फुलर यांच्या आराखड्यावर १८७१ मध्ये काम सुरू झालं, १८७८ मध्ये संपलं. लांबी ५६२ फूट, मधला मनोरा १७८ फूट. अंदाजपत्रक १६,४७,१९६ रुपयांचं, खर्च झाला १६,४४,५२८. सरकारी बांधकामात पैसे उरले, हे आज सांगून कुणाला पटायचं नाही! गॉथिक शैली विलायतेची, पण कमानींचे लांबच लांब व्हरांडे इथल्या ऊन-पावसासाठीचे. पश्चिमेच्या दोन अष्टकोनी मनोऱ्यांवर न्याय आणि दया उभ्या आहेत. आतल्या कोरीवकामात तर एका डोळ्यावर पट्टी बांधून तराजू धरलेलं माकडही आहे. कोर्टात हरलेल्या कंत्राटदारानं असा राग काढला, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे.

न्यायमूर्तींची मंजूर पदं आता ९४ आहेत. जागा पुरत नाही ही वकिलांची तक्रार खोटी नाही.

२०१८ पासून ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतल्या समूहात आहे, म्हणून पाडापाडीची भीती नाही. भीती आहे ती कुलपाची. दगडी इमारतीला रोजचा वावर लागतो. सांध्यात फुटलेलं पिंपळाचं रोप वेळेत उपटलं नाही, तर दोन-चार पावसाळ्यांत दगड सरकू लागतो. रिकाम्या इमारतीत ते बघणार कोण?

काही न्यायदालनं इथंच चालू ठेवणं हाच त्यावरचा सरळ उपाय. आणि १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली ते मधलं दालन लोकांना सहज बघता यायला हवं. आज ते ४६ नंबरचं कोर्ट आहे, बाहेर टिळकांच्या शब्दांचा फलक आहे.

हा प्रश्न एकट्या मुंबईकरांचा नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बेळगाव, धारवाड, कारवारची अपिलं याच जिन्यांवरून वर जायची. गोवा तर आजही याच हायकोर्टाच्या अखत्यारीत आहे. इमारतीच्या भवितव्यावर सूचना मागवल्या जातील, तेव्हा त्या मुंबईबाहेरूनही घ्याव्या लागतील.