सकाळी बंद पडणारी गाडी आणि तपासणीची मजुरी

आमच्या कापडधंद्यात, तसेच कारागीर बांधवांच्या इतर उद्योगांत, जुन्या पेट्रोल गाडीवर आजही मोठा भार आहे. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली आणि ओम्नीचे २०१९ साली थांबले. तरी ठोक बाजारातून तागे उचलून आठवडी बाजारात पोहोचवणारी ओम्नी अजून रस्त्यावर दिसते. या गाड्यांची एक तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते. सकाळी पहिला सेल मारला की इंजिन चालू होते, थरथरते आणि बंद पडते. रेसवरचा पाय उचलता येत नाही. दहा मिनिटांनी गरम झाले की तीच गाडी मुकाट्याने चालते. मग गॅरेज, नवे प्लग, नवी वायर, नवा पंप, आणि चौथ्या दिवशी पुन्हा तीच थरथर. आमचे मत असे की, या नुकसानीचे मूळ इंजिनात कमी आणि आपल्या व्यवहाराच्या रीतीत जास्त आहे. आपण सुट्या भागाचे पैसे देतो, तपासणीचे देत नाही.

आधी गोष्ट समजून घेऊ. कार्बोरेटरच्या गाडीला सकाळी चोक ओढावा लागे. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरुवातीला पेट्रोल जास्त द्यावे लागते. २००० साली देशभर युरो-१ च्या बरोबरीचे धुराचे नियम लागू झाले, तशी कार्बोरेटरची जागा एमपीएफआयने घेतली. आता चोकचे काम गाडीतला संगणक करतो. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर त्याला इंजिन किती थंड आहे ते कळवतो. त्यावरून संगणक इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो आणि आयडलिंगचा हवेचा व्हॉल्व्ह अधिक उघडतो. म्हणून सुस्थितीतली गाडी पहिल्या मिनिटांत साधारण १२०० ते १५०० फेऱ्यांवर चालते आणि गरम होता होता ८००-९०० वर उतरते.

इथे एक गैरसमज दूर करू. थंड इंजिन म्हणजे निफाडची डिसेंबरातली पहाट, असे नव्हे. ज्या इंजिनाचे कामाचे तापमान ९० अंशांच्या आसपास आहे, त्याला भिवंडीतली मे महिन्यातली ३० अंशांची सकाळही थंडच. म्हणून हा दोष बाराही महिने दिसतो. हिवाळ्यात तो फक्त जास्त बोलतो.

तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. सर्वांत आधी बॅटरी, तिचे टर्मिनल आणि एअर फिल्टर. नंतर थ्रॉटल बॉडी आणि हवेचा व्हॉल्व्ह. या दोन्हींत कार्बन धरला की थंडीत लागणारी जादा हवा मिळत नाही आणि पाय उचलताच इंजिन बंद पडते. योग्य क्लीनर आणि मऊ कापडाने बहुतेक वेळा काम भागते. मात्र इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू नये.

मग रबरी नळ्या आणि मॅनिफोल्डचे पॅकिंग पाहावे. जुने रबर कडक होते, चिरते आणि तिथून चोरवाटेने हवा शिरते. अशाने कुठे रेस आपोआप चढते-उतरते, कुठे इंजिन मिस मारते. काही मिस्त्री हे शोधायला ज्वालाग्राही स्प्रे मारतात. आग लागण्याचा धोका पाहता, संशयाच्या जागी थोडे पाणी शिंपडून आयडलिंग बदलते का ते पाहणे बरे.

त्यानंतर तापमानाचा सेन्सर. काही शे रुपयांच्या मीटरवर त्याची परीक्षा होते. बहुतेक गाड्यांत २० अंशांना सुमारे दोन ते अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना सुमारे तीनशे ओहम दिसावेत. थंड असताना सेन्सर ‘गरम आहे’ असे सांगत असेल, तर संगणक पेट्रोल कमी देतो आणि गाडी बंद पडते. उलट गरम असताना ‘थंड आहे’ म्हणत असेल, तर काळा धूर निघतो आणि ॲव्हरेज घसरते. प्लग, पेट्रोलचा दाब, इंजेक्टर आणि टॅपेट यांची पाळी यानंतर.

स्कॅनर लावला की सगळे कळते, हाही अर्धाच भरवसा. सेन्सरची तार तुटली तर कोड दिसतो. पण सेन्सर पटण्याजोगे खोटे बोलत असेल, तर संगणक ते खरे मानतो आणि दिवा पेटत नाही. यासाठी एक सोपी परीक्षा आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, सेल मारण्यापूर्वी, पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान स्कॅनरवर जवळजवळ सारखे दिसले पाहिजे. दोन्हींत मोठी तफावत असेल, तर दोघांपैकी एक खोटा आहे. मात्र हे पाहायला गाडी रात्री गॅरेजमध्ये ठेवावी लागते. दुपारी गरम गाडी नेऊन ‘सकाळची तक्रार बघ’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला उत्तर अंदाजानेच मिळणार.

दोन उपायांपासून मात्र सावध राहावे. एक, थ्रॉटलचा स्क्रू फिरवून आयडलिंग वाढवणे. त्याने सकाळची थरथर झाकली जाते. पण झडप पूर्ण बंद होत नसल्याने संगणकाचा हिशेब बिघडतो आणि मूळ दोष तिथेच राहतो. दुसरा, गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे. मग इंजिन वेळेवर गरम होत नाही, संगणक ते थंडच समजून जादा पेट्रोल देत राहतो आणि धन्याला वाटते पंपावर मापात पाप आहे.

सीएनजीवाल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. बहुतेक गाड्या पहिला सेल पेट्रोलवरच घेतात. टाकीत महिनोन्‌महिने तेच तळाचे पेट्रोल राहिले, तर इंजेक्टरमध्ये चिकटा धरतो. आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलची वाफ थंडीत सहज होत नाही, ते ओलावा ओढते आणि जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते. पेट्रोल थोडे पण ताजे ठेवावे आणि नळ्या वर्षातून एकदा पाहून घ्याव्यात.

आता मजुरीचा मुद्दा. मागावर ताण्याचे धागे वारंवार तुटू लागले, तर जाणता जॉबर लगेच बीम बदला म्हणत नाही. कांजी किती बसली, ताण किती आहे, फणी कुठे खरवडते, हे तो आधी पाहतो. त्याला पगार माग चालू ठेवण्याचा मिळतो, भाग बदलल्याचा नव्हे. गॅरेजच्या मिस्त्रीशी मात्र आपला सौदा उलटा आहे. दोन तास डोके लावून त्याने चिरलेली नळी शोधली, तर ‘एवढ्याशा नळीचे इतके पैसे?’ म्हणून आपण हुज्जत घालतो. हजारोंचा पंप बसवला, तर निमूटपणे मोजतो. मग तो पंप का बसवणार नाही? त्याच्या हुन्नराला आपणच मोल ठेवले नाही.

काही बांधव म्हणतील, तपासणीच्या नावाखाली लुबाडणारेही आहेत. खरे आहे. त्यावर उपाय व्यापाऱ्याला ठाऊक आहे: आधी बोली, मग काम. तपासणीची रक्कम आधी ठरवावी. मिस्त्रीने काय मोजले आणि किती आकडा आला, ते बिलावर लिहून घ्यावे. बदललेला जुना भाग परत मागावा. अडाखा बांधून भाग विकणारा या तीन अटींवर टिकत नाही, आणि प्रामाणिक कारागिराला त्यांचा त्रास होत नाही.

कारागीर बांधवांनाही विनंती आहे. तपासणीचा दर पाटीवर लिहा आणि तो मागायला लाजू नका. हाताखालच्या मुलाला पाना धरायला शिकवता तसा मीटर धरायलाही शिकवा. जुन्या गाड्या अजून काही वर्षे तरी मोहल्ल्यातल्या गॅरेजलाच येणार आहेत. नेमका दोष शोधणाऱ्याकडे त्या टिकतील. आणि गाडी गरम करायची असेल तर उघड्यावर करा. बंद गोदामात चालू ठेवलेल्या इंजिनाचा विषारी वायू वास देत नाही, पण जीव घेतो.

व्यापारी बंधूंनी पुढच्या वेळी गॅरेजमध्ये ‘काय बदलावे लागेल?’ हा प्रश्न शेवटी विचारावा. पहिला प्रश्न ‘तपासायचे किती घेणार?’ हा असावा.