पाहुण्यावरून रंग

बँकेत कॅश डिपार्टमेंटला असताना माझ्या टेबलावर एक छोटा जांभळा दिवा असे. शंका आलेली नोट त्याखाली धरायची. अस्सल असली तर तिचा नंबर उजळून निघायचा, कागदातले बारीक तंतू चमकायचे. नकली नोटेचा साधा कागद बहुधा नुसताच निळसर पांढरा दिसायचा. काउंटरपलीकडच्या माणसाचा चेहरा वाचण्यापेक्षा हे सोपं, असं आम्ही म्हणत असू.

निवृत्तीनंतर मुलाकडे रोडपालीला आलो आणि तो दिवा पुन्हा आठवला, तो कासाडी नदीमुळे. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीकडून येणारी ही नदी. तिकडून वारा सुटला, की गॅलरीचं दार लावायचं, हा आमच्या इमारतीचा अलिखित नियम. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात निळी कुत्री दिसली, देशभर त्यांचे फोटो छापून आले आणि एका कारखान्याला टाळं लागलं. पाण्यात काय आहे ते कुत्र्याच्या अंगावर चढल्यावर कळावं! आणि ज्या विषाला रंगच नसतो, त्याचं काय?

२०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल रिचर्ड रॉब्सन, सुसुमू कितागावा आणि ओमर याघी यांना मिळालं, तेव्हा मी वाचायला बसलो. रॉब्सन मेलबर्नला शिकवत. १९७४ साली मुलांना दाखवायला लाकडी गोळे आणि काठ्यांचे रेणू करताना त्यांना वाटलं, खऱ्या अणूंचीही अशीच जाळी का बांधू नये? धातूचे अणू सांध्यावर, सेंद्रिय रेणू काठ्यांच्या जागी, आणि मध्ये मोकळ्या खोल्या. १९९९ साली याघींनी केलेल्या अशा पदार्थाच्या दोनेक ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग सामावतो.

मला तर ही आमची लॉकर रूमच वाटली. चमकणारे रंगद्रव्याचे रेणू एकमेकांना खेटून बसले, की त्यांची चमक मंदावते. एकेका खोलीत एकेकटे ठेवा, लखलखतात. जाळीत युरोपियम असेल तर लाल उजेड, टर्बियम असेल तर हिरवा. दोन्हींचं प्रमाण बदलून मधल्या छटा. निळ्या उजेडाच्या जाळीत पिवळं चमकणारा पाहुणा मोजून बसवला, तर पांढरा प्रकाश मिळतो. यजमान तोच, पाहुण्यागणिक रंग निराळा. (आमच्या घरी पाहुण्यागणिक फक्त कपबश्या बदलत.)

आणि नको असलेला पाहुणा आला तर? पुण्याच्या आयसरमध्ये सुजित घोष यांच्या गटाने २०१३ साली अशी एक चमकणारी जाळी जाहीर केली. पिक्रिक आम्ल, म्हणजे एक स्फोटक, जवळ आलं की तिची चमक विझते. त्याच जातीची इतर नायट्रो संयुगं सोबत असली, तरी ती बरोबर त्यालाच ओळखते. पुढे त्यांचं काम पाण्यातल्या विषारी घटकांकडेही वळलं. पाषाण इथून काही परदेशात नाही. द्रुतगती मार्गाने दोनेक तासांवर आहे.

अडचणी आहेत, हे मला कळतं. यातल्या कित्येक जाळ्या पाण्यातच मोडतात. प्रयोगशाळेतलं स्वच्छ द्रावण आणि गटारातली खिचडी यांत फरक आहे. एक जाळी एखाददुसराच घटक ओळखते, कारखान्याच्या सांडपाण्यात मात्र अनेक असतात. पण या अडचणी पैसा आणि चिकाटी लावून सुटण्यासारख्या आहेत. माझं भांडण दुसऱ्याच गोष्टीशी आहे. नदीचा नमुना कोणीतरी नेतो, कुठेतरी तपासतो, आणि काठावरच्या माणसाला पत्ता नसतो. बँकेत खातं आमच्याकडे असलं तरी पासबुक ग्राहकाच्या हातात असे. नदीचं पासबुक काठावरच्या कोळ्याच्या हातात का नको? दिव्याखाली धरायची एक कागदी पट्टी, बस्स. सरकारने आणि कारखानदारांनी पैसा घालायचा तर इथे घालावा, घाटांच्या सुशोभीकरणावर नव्हे.

परवा हे सगळं नातवाला सांगत होतो. त्याने विचारलं, "आजोबा, मग आपली नदी कोणत्या रंगाची दिसेल?" मी उत्तर जुळवत होतो, तोवर सूनबाई उठली आणि तिने गॅलरीचं दार लावून घेतलं. वारा सुटला होता.