साकुराचे पंचांग आणि काजव्यांची रात्र

जपानमध्ये मार्च उजाडला की राजकारण आणि बाजारभाव यांच्या जोडीने एका झाडाची बातमी वृत्तपत्रांत येते. टोकियोतील यासुकुनी मंदिराच्या आवारात साकुराचे, म्हणजे चेरीचे, एक झाड निरीक्षणासाठी नेमलेले आहे. त्यावर पाच-सहा फुले उमलली की हवामान खाते राजधानीत बहर सुरू झाल्याचे जाहीर करते. पुढे पूर्ण बहर आला की आठवडाभरात वाऱ्या-पावसाने पाकळ्या झडून जातात. साकुरा पाहू इच्छिणाऱ्या माणसाला म्हणूनच रजा, तिकीट आणि मुक्काम यांची जुळणी झाडाच्या कलाने करावी लागते. माणसाच्या सोयीने झाड फुलत नाही, हे तेथील लहान मुलालाही ठाऊक असते. या बहराच्या सहलींच्या जाहिराती आता मराठी घरांतही चाळल्या जातात.

असाच मोजक्या दिवसांचा आणि निसर्गाच्या मर्जीवर अवलंबून असलेला एक सोहळा अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला दरवर्षी घडतो. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याचे अकोले तालुक्यातील रूप अगदी वेगळे आहे. कळसूबाईचे शिखर, रतनगड, १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण आणि अतिवृष्टीचे घाटघर या परिसरात मे महिन्याच्या अखेरीस काजव्यांचा हंगाम सुरू होतो. रात्री हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांची झाडेच्या झाडे लुकलुकू लागतात. कधी कधी एका झाडावरील हजारो काजवे एकाच ठेक्यात उजळतात आणि एकाच ठेक्यात विझतात. शहरातील विद्यार्थ्याला काजवे भेटतात ते बहुधा 'डोळ्यांपुढे काजवे चमकणे' या वाक्प्रचारात. तो वाक्प्रचार कोठून आला असेल, हे त्याला येथे न सांगता कळते.

रोहिणी ते मृग

या हंगामाचे वेळापत्रक गावकऱ्यांना नक्षत्रांवरून कळते. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागते, वळवाच्या सरींनी जमीन ओलावते आणि काजवे दिसू लागतात. ७ जूनच्या सुमारास मृग निघतो आणि पावसाने जोर धरला की ही दीपमाळ मालवते. वळीव लांबला तर काजवेही लांबतात, पाऊस आधी कोसळला तर हंगाम चार दिवसांतच आटोपतो. अमावास्येच्या मागेपुढे अंधार दाट असतो, त्यामुळे दृश्यही अधिक खुलते. अहिल्यानगरहून संगमनेर, अकोले, राजूर या मार्गाने सुमारे दीडशे किलोमीटरांचा प्रवास करून जाणाऱ्या शिक्षकाने किंवा कारकुनाने सहल आखताना प्रथम पंचांग आणि आभाळ पाहावे, ते याच कारणासाठी. सुदैवाने शाळांची उन्हाळी सुटी तेव्हा संपलेली नसते. ज्याला शक्य आहे त्याने शनिवार-रविवार टाळावा.

तथापि सहलीचा विचार तारखेशी थांबत नाही. काजवा हा भुंगेऱ्यांच्या कुळातील कीटक. त्याची अळी ओल्या मातीत, पालापाचोळ्यात दीर्घकाळ वाढते आणि गोगलगायींवर जगते. पंख फुटल्यानंतरचे त्याचे आयुष्य थोड्याच आठवड्यांचे असते. शरीरातील ल्युसिफेरिन या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन निघणारा, जवळजवळ उष्णता नसलेला तो प्रकाश ही नर-मादीची एकमेकांना घातलेली साद असते. नर उडता उडता खूण करतो, गवतात किंवा पानावर बसलेली मादी तिला उत्तर देते. त्या उत्तरावरच पुढील वर्षीचे काजवे अवलंबून असतात.

उजेडाचे संकट

नेमक्या याच वेळी शेकडो मोटारी दिव्यांचे झोत टाकीत रतनवाडी-घाटघरच्या अरुंद रस्त्यांवर शिरतात. विजेऱ्या पेटतात, छायाचित्रांसाठी झगझगीत प्रकाश पाडला जातो, गाड्यांतून गाणी वाजतात. कृत्रिम उजेडात काजव्यांचे लुकलुकणे मंदावते आणि त्यांचे मीलन घटते, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. झाडाखाली जाऊन उभे राहणाऱ्यांच्या पायांखाली माद्या आणि अळ्या चिरडल्या जातात. म्हणजे जे पाहण्यासाठी माणूस इतक्या दूर येतो, तेच त्याच्या येण्याने विझू लागते. हा प्रदेश १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. वन विभाग नाक्यांवर शुल्क घेतो, दिवे व ध्वनिवर्धक यांवर निर्बंध घालतो. परंतु वाहनांची रांग मैलभर लांबली की मूठभर वनरक्षकांनी कोणाकोणाला आवरावे?

ही अडचण एकट्या अकोल्याची नाही. शिस्तप्रिय म्हणून वाखाणल्या जाणाऱ्या जपानातही फुजीकावागुचिको या गावाला २०२४ च्या मे महिन्यात फुजी पर्वताचे दृश्य झाकणारा, वीस मीटर लांबीचा काळा पडदा रस्त्याकडेला उभारावा लागला होता. छायाचित्रांसाठी येणारे पर्यटक रहदारीची आणि स्थानिकांची पर्वा करीनात, म्हणून गावाने पर्वतच दिसेनासा केला! पुढे तो पडदा काढला गेला, पण त्यातला इशारा विसरण्याजोगा नाही.

बंदी हा उपाय नव्हे

यावर काजव्यांच्या हंगामात पर्यटनच बंद करावे, अशी मागणी काही निसर्गप्रेमी करतात. त्यांचा उद्वेग समजण्यासारखा आहे, परंतु त्यांचा उपाय मात्र पटत नाही. हे दिवस भाताच्या पेरणीपूर्वीचे, हाती पैसा नसण्याचे असतात. महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांना जेवण, मुक्काम व वाटाड्याचे काम यांतून या काळात चार पैसे मिळतात. ते काढून घेतल्यास काजव्यांची झाडे राखण्यात गावाचा जो हितसंबंध निर्माण झाला आहे, तोच नाहीसा होईल. याच तालुक्यातील पुरुषवाडी गावाने गावकऱ्यांच्या हाताने चालणाऱ्या पर्यटनाची वाट पूर्वीच दाखवून दिली आहे.

अमेरिकेतील ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातही साधारण याच दिवसांत एकसाथ लुकलुकणारे काजवे दिसतात. तेथे सोडत काढून मोजक्याच वाहनांना प्रवेश दिला जातो आणि विजेरीला लाल किंवा निळा पातळ कागद लावून ती जमिनीकडेच धरावी, असे सांगितले जाते. भंडारदऱ्यालाही हे अशक्य नाही. खाजगी वाहने सायंकाळी शेंडीलाच थांबवावीत. तेथून पुढे एस.टी. किंवा गावकऱ्यांच्या जीपगाड्या सोडाव्यात आणि प्रत्येक रात्रीची प्रवासीसंख्या ठरवून द्यावी. शेवटचे अंतर स्थानिक वाटाड्याबरोबर पायी, दिव्याविना चालावे. त्याचा मेहनताना प्रवेशशुल्कातूनच गावाला मिळावा. 'महोत्सव' हा शब्दही जपूनच वापरावा, कारण तो ऐकून येणारा माणूस ध्वनिवर्धकाची अपेक्षा घेऊनच येतो.

शाळेतील एक वही

जपानकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, आणि तिला पैसा लागत नाही. क्योटो शहरातील साकुराच्या बहराच्या नोंदी इसवी सन ८१२ पर्यंत मागे जातात. दरबारी आणि भिक्षू यांनी आपल्या रोजनिशांत सहज लिहून ठेवलेल्या त्या तारखा आज हवामानशास्त्रज्ञांना अमोल ठरल्या आहेत. २०२१ मध्ये तेथे २६ मार्चला पूर्ण बहर आला, तेव्हा बाराशे वर्षांच्या नोंदींत इतका लवकर बहर पूर्वी आढळलेला नव्हता, हे त्या रोजनिशांमुळेच सांगता आले. वसंतोत्सवाची फुलेही तापत्या हवामानाची साक्ष देऊ लागली, ती अशी.

अकोले तालुक्यातील शाळांनी गावातील एकेक झाड नेमावे आणि पहिला काजवा कोणत्या रात्री दिसला, पहिला वळीव कधी पडला, शेवटचा काजवा कधी मावळला, एवढे तीन रकाने दरवर्षी एका वहीत भरावेत. शाळा सुटीत बंद असली तरी मुले गावातच असतात. दोन वर्षांत त्या वहीवरून प्रवाशाला सहल आखता येईल. वीस वर्षांत काजवे वाढले की घटले, याबद्दलच्या वादाला आधार मिळेल. दुरून येणाऱ्या शिक्षकानेही आपल्या विद्यार्थ्यांना नेताना आधी त्या गावच्या शाळेशी पत्रव्यवहार करावा आणि मग गाडी ठरवावी. वहीतील झाड अंधारात दाखविणारा मुलगा हाच तेथील सर्वोत्तम वाटाड्या ठरेल. त्याच्या मागून चालताना विजेरी बंद ठेवायची असते, एवढे पाहुण्यांनी पाळले तरी पुढच्या रोहिणीत ते झाड पुन्हा उजळण्याची आशा राहील.