लाव्ह्याची तार

मी मराठी शिकवणारा माणूस. दगडाशी माझा संबंध ‘पाषाणहृदयी’ या विशेषणापुरता! तरीही वितळलेल्या दगडाविषयी आज चार शब्द लिहितो. आणि ते समजायला ऐन दिवाळीतल्या गृहिणीइतके अधिकारी दुसरे कोणी नाही. तिला पाकाची तार कळते. ऊन पाक झाऱ्यावरून ओघळतो. तोच निवला की भांड्याला धरून बसतो.

वाहण्याला विरोध करण्याच्या या स्वभावाला शास्त्रज्ञ ‘श्यानता’ म्हणतात. लाव्ह्याची श्यानता मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : सिलिका आणि तापमान. सिलिकेच्या साखळ्या जितक्या अधिक, तितका लाव्हा अडेलतट्टू. असा घट्ट लाव्हा वाट बुजवतो, आत वायू कोंडतो आणि मग स्फोट होतो. १९०२ साली मार्टिनिक बेटावरच्या पले पर्वताने सुमारे २८,००० माणसे घेतली ती अशीच. बसाल्टात सिलिका निम्म्याच्या आसपास. म्हणून तो दूरवर पसरतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो आपल्याकडे थरांवर थर पसरला. घाटातल्या कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या त्याच.

सिलिका बदलणे माणसाच्या हाती नाही, पण तापमान?

आइसलंडच्या हेमाए बेटावर २३ जानेवारी १९७३ च्या रात्री गावालगतची जमीन फाटली. पाच हजारांवर माणसे मासेमारीच्या होड्यांतून रातोरात निघाली. लाव्हा घरे गिळत बंदराच्या तोंडाकडे सरकू लागला. बंदर बुजले, तर मासळीवर जगणाऱ्या गावाने परतून खायचे काय? थोरब्यॉर्न सिगुरगेरसन या भौतिकीच्या प्राध्यापकाने सुचवले, समुद्राचे पाणी लाव्ह्यावर मारा. पंप लागले. काही महिन्यांत सुमारे ६० लाख टन पाणी ओतले गेले. लाव्ह्याची कड निवली, घट्ट झाली आणि मागून येणाऱ्या लाव्ह्याला पुढच्याचाच बांध पडला.

जुलैपर्यंत उद्रेक निमाला. शेकडो घरे गेली, पण बंदर वाचले; उलट नव्या खडकामुळे पूर्वीपेक्षा आडोशाचे झाले. बरीच कुटुंबे परतली.

आम्ही मास्तर मंडळी ‘प्रवाहाविरुद्ध पोहा’ असा उपदेश वर्षानुवर्षे करीत आलो. हेमाएकर प्रवाहाशी झुंजत बसले नाहीत. थांबण्याचा स्वभाव लाव्ह्यात होताच. त्यांनी त्याला पाणी पाजले.