करंजीची मुरड

सण जवळ आला की घराघरांतून तळणाचा वास दरवळावा, ही आपल्याकडची जुनी रीत. गोव्यात चवथीला नेवऱ्या, देशावर दिवाळीला करंज्या, माळव्यात होळीला गुजिया. नावे निराळी, ऋतू निराळे. परंतु पारीत सारण भरून, कडा मुरडून मंद आचेवर तळण्याची विद्या एकच. ही विद्या आता स्वयंपाकघरातून दुकानात चालली आहे. अग्रलेखाने दखल घ्यावी असे यात काय आहे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठी वाचकांना आम्ही किनाऱ्यापासून दूर, इंदूरच्या राजवाड्यापाशी नेऊ इच्छितो.

मल्हारराव होळकरांच्या काळात उभा राहू लागलेला हा सात मजली वाडा १८०१, १९०८ आणि १९८४ अशा तीन वेळा आगीच्या तोंडी पडला आणि प्रत्येक वेळी सावरला. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले. दरबाराच्या आश्रयाने आलेली मराठी कुटुंबे तेथेच रुजली. १९१७, १९३५ आणि २००१ असे तीनदा मराठी साहित्य संमेलन या नगरीत भरले. मात्र १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, राजाश्रय संपला, आणि कचेरीची, शाळेची व बाजाराची भाषा हिंदी झाली. तेव्हापासून तेथील मराठीचा खरा आधार घर हाच आहे. आणि घरातही जेथे चार हात एकत्र काम करतात ती जागा, म्हणजे स्वयंपाकघर.

मोहन, साटा, पारी, सारण, कातण, मुरड हे शब्द पाठ्यपुस्तकातून सहसा शिकता येत नाहीत. ते हाताला पीठ लागले की जिभेवर येतात. राजवाड्यालगतच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो आणि रात्री तेथेच खाद्यपदार्थांची झुंबड उडते. अशा शहरात गोडाधोडाला तोटा नाही. परंतु विकतच्या खोक्यातून मुलाला चव मिळते. शब्द मिळत नाहीत, आणि आजीच्या शेजारी बसून घालवलेला तासही मिळत नाही. पणजीत वा मडगावात राहणाऱ्या आमच्या वाचकांनी हे परक्या मुलखाचे दुखणे समजू नये. आपल्या मुलांनाही नेवरी खाता येते. ती करता किती जणांना येते?

विकत आणणाऱ्या गृहिणीला दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. दिवसभर नोकरी करून रात्री एकटीने शंभर करंज्या तळाव्यात, ही अपेक्षाच अन्यायाची होती. घरची करंजी दुकानात गेली याचे एक कारण, घरातल्या इतरांनी ती कधी हाती घेतली नाही, हे आहे. म्हणून आमची सूचना साधी आहे. शंभर नकोत, वीसच कराव्या; पण सर्वांनी मिळून कराव्या. रव्यामैद्यात कडकडीत तुपाचे मोहन वडीलधाऱ्यांनी घालावे. भिजवलेला गोळा ओल्या फडक्याखाली झाकण्याचे, पारीवर बेताचे सारण ठेवण्याचे, कडेला दुधाचे बोट फिरवून ती दाबण्याचे काम मुलाकडे द्यावे. मग तो मुलगा असो वा मुलगी. कढईपाशी मात्र मोठ्या माणसानेच उभे राहावे.

मुलाची पहिली करंजी वाकडी होईल. कड नीट न मिटल्यास ती तेलात उकलेल, सारण करपेल आणि तेल खराब होईल. यास्तव ती शेवटी तळावी, पण तळावी अवश्य, आणि ताटात मानाने वाढावी. कड का उकलली हे मुलाला एकदा समजले की पुढच्या सणाला ते सांगण्याची गरज उरणार नाही.

सासरी निघालेल्या लेकीला, तसेच पाठवणीच्या वेळी गौरीला, मुरडीचा कानवला देण्याची प्रथा अनेक घरांत आहे. मुरडणे म्हणजे वळणे. तिने पुन्हा माहेराकडे वळावे, ही त्यामागील भावना. आज मुलगे आणि मुली दोघेही शिक्षणासाठी, पोटासाठी दूर जातात. कोणी पुण्याला, कोणी आखातात, कोणी त्याहूनही पलीकडे. त्यांनी जावे, यश मिळवावे. परंतु जे कधी हातांनी केले असेल, त्याचीच ओढ परमुलखात टिकते. माळव्यात गेलेल्या कित्येक मराठी घरांनी दोन शतके आपली भाषा राखली, ती केवळ संमेलनांच्या बळावर नव्हे. येत्या सणाला प्रत्येक घराने एक संध्याकाळ मुलांसाठी राखून ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.