वजन नेमके कुठून काढायचे?

डोंगरातल्या शिकारीसाठी रायफल बांधून घ्यायला येणारा माणूस बहुधा वजनाचा आकडा तोंडपाठ करूनच येतो. कॅलिबर ठरलेले असते, नळी कोणत्या कंपनीची हेही ठरलेले असते. स्टॉक आणि मॅगझिन यांचा विचार मात्र शेवटी, उरलेल्या पैशांत होतो. हा क्रम उलटा करा, अशी या महिन्यात आमची सर्व कारागीर वाचकांना कळकळीची विनंती आहे.

हे लिहितो आहोत ते प्रामुख्याने न्यूझीलंडमध्ये आणि अमेरिका-कॅनडात या व्यवसायात असलेल्या वाचकांसाठी. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती तशीच बंद राहावी, याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. न्यूझीलंडची गोष्ट वेगळी. आपल्या हिमालयातला थार हा रानबोकड तिथे १९०४मध्ये आणून सोडला गेला. त्याची शिकार करणारा हिमबिबट्या तिकडे नाही, त्यामुळे थार वाढत गेला आणि दक्षिण आल्प्समधल्या मूळच्या वनस्पतींची त्याने दैना केली. १९९३च्या सरकारी आराखड्यात त्याची संख्या दहा हजारांच्या वर जाऊ द्यायची नाही असे ठरले. तिथला शिकारी त्या कामाचा भागीदार आहे. म्हणूनच त्याची गोळी जागेवर बसली पाहिजे. जखमी थार कड्याच्या अशा कपारीत जाऊन पडतो, की तिथे माणूस पोहोचू शकत नाही. ही जबाबदारी रायफल बांधणाऱ्याचीही आहे.

आता वजनाकडे येऊ. चार किलोची रायफल तीन किलोवर आणली, काडतूस तेच ठेवले, तर धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. साधे भौतिकशास्त्र आहे, त्यात घासाघीस नाही. हा वाढलेला धक्का खांद्यापर्यंत कसा पोहोचवायचा, हे स्टॉकच ठरवतो. मागच्या टोकाची रुंदी, गाल टेकतो त्या कडेची उंची आणि उतार, दस्त्याची लांबी यांतली एखादी गोष्ट चुकली, तर हलकी रायफल चापाला हात लावण्याआधीच माणसाला दचकायला शिकवते.

जुन्या काळी अक्रोडाला पर्याय नव्हता. अमेरिकन शिकारलेखक जॅक ओकॉनर यांची रानमेंढ्यांच्या शिकारीतली नावाजलेली रायफल म्हणजे .२७०ची विंचेस्टर मॉडेल ७०. तिचा स्टॉक स्पोकेनच्या अल बीझन यांनी अक्रोडातच घडवला होता. देखणे काम आहे, पण लाकूड पाणी पिते. आठवडाभर पावसात राहिलेल्या अक्रोडाचा पुढचा भाग हलतो, नळीला टेकतो आणि गोळी भलतीकडे जाते. ब्राउन प्रिसिजन या कंपनीने फायबरग्लासचे स्टॉक शिकारीच्या रायफलींवर आणले ते याच दुखण्यावर इलाज म्हणून. १९८०च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियात मेल्व्हिन फोर्ब्स यांनी केव्हलार आणि कार्बनच्या धाग्यांपासून जेमतेम एक पौंडाचा स्टॉक केला आणि त्यावर सगळी रायफल पाच पौंडांच्या आसपास उभी केली. त्यांनी नळी मोकळी सोडली नाही. पुढच्या टोकापर्यंत ती स्टॉकमध्ये घट्ट बसवली, कारण त्यांचा स्टॉक नळीपेक्षा ताठ होता. हलकेपणा ताठपणातून यायला हवा, पोकळपणातून नाही, हे फोर्ब्स यांच्या कामावरून शिकावे.

बाजारात आज हलके म्हणून विकले जाणारे कितीतरी स्टॉक नेमके पोकळ असतात. तपासणी सोपी आहे. नळी मोकळी असलेल्या रायफलीत नळी आणि स्टॉक यांच्यामध्ये कागदाची पट्टी घाला. रायफल हातात धरून पट्टी पुढेमागे सरकवून बघा, ती सहज सरकेल. आता भरलेली पाठपिशवी जमिनीवर ठेवा, स्टॉकचे पुढचे टोक तिच्यावर टेकवून आडवे व्हा आणि खांदा नेहमीच्या जोराने पुढे रेटा. दुसऱ्याला पट्टी ओढायला सांगा. ती अडकली, तर तो स्टॉक डोंगरावर चालणार नाही. तिथे पुष्कळ गोळ्या पिशवीवरून किंवा दुपायीवरून, पालथे पडूनच झाडल्या जातात. दुकानात उभ्याने खांद्याला लावून बघणे ही खरी परीक्षाच नाही.

दस्त्याची लांबी हाही तसाच मामला आहे. कारखान्याची साडेतेरा इंचांची लांबी शर्टावर ठीक बसते. पिसांचे जाकीट, वर पावसाचा कोट, त्यावर पिशवीचा पट्टा असे सगळे चढवले की तीच लांबी आखूड मानेच्या माणसाला दुर्बिणीपासून दूर ढकलते. गिऱ्हाइकाचे माप त्याच्या डोंगरी कपड्यांतच घ्या आणि आडवे झोपवून घ्या. आपल्या कोल्हापूर-पुण्याच्या रेंजवर वाढलेल्या मंडळींना हे सांगायची गरज नाही. पन्नास मीटर तीन पोझिशनच्या नेमबाजाचा गालाचा आधार मिलीमीटरने सरकवण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांना शरीराला स्टॉक जुळवणे म्हणजे काय ते पक्के ठाऊक आहे. त्यांची रायफल आठ किलोपर्यंत जाते, ही तीनची. पण गालाचे हाड तेच आणि डोळाही तोच. हे ज्ञान परदेशातल्या आपल्या कारागिरांनी हक्काने वापरावे.

मॅगझिनचा निर्णय काडतुसाच्या लांबीपासून सुरू होतो. .३०८ विंचेस्टर २.८१० इंच, ६.५ क्रीडमोर २.८२५ इंच, हे दोन्ही आखूड ॲक्शनच्या साध्या पेटीत बसतात. ६.५ पीआरसी २.९५५ इंचांचे आहे, ते रेमिंग्टन ७००च्या नेहमीच्या आखूड पेटीत मावत नाही. ॲक्शन विकत घेऊन झाल्यावर हे कळले, की मग गोळी केसमध्ये जास्त खोल बसवा, नाहीतर पेटी बदला आणि स्टॉक पुन्हा कोरा. फोर्ब्स यांनी आपल्या मॉडेल २० रायफलीची पेटी सुमारे तीन इंचांची ठेवली होती. किती दूरदृष्टी!

मॅगझिनचे प्रकार तीन. तळ बंद असलेली पेटी सर्वांत हलकी. स्टॉकला खालून छेद नाही, म्हणून तो ताठही राहतो. पण रिकामी करायची तर एकेक काडतूस बोल्टनेच बाहेर काढावे लागते. बिजागरीच्या तळपट्टीची पेटी खालून एका खटक्यात मोकळी होते. काढता-घालता येणारे मॅगझिन भरायला-उतरवायला सगळ्यांत झटपट. दिवसातून अनेकदा हेलिकॉप्टरमध्ये चढणाऱ्या-उतरणाऱ्याला तेच सोयीचे. मात्र रायफल हातात धरून चालताना नेमक्या तोल सांभाळणाऱ्या जागी ते खाली डोकावते, त्याच्या कडांत बर्फ शिरतो, आणि ते वाटेत पडले तर हातात एकबारी उरते.

आमचे मत स्पष्ट आहे. पायी चढणाऱ्यासाठी बिजागरीची तळपट्टी, तीन-चार काडतुसांची पेटी आणि भरीव पुढच्या भागाचा कार्बन स्टॉक. ग्रॅम वाचवायचेच असतील तर दुर्बिणीतून आणि तिच्या कड्यांतून वाचवा. तळपट्टीचा खटका मात्र चापाच्या कमानीच्या आत असू द्या आणि त्याची स्प्रिंग कडक ठेवा. धक्क्याने पट्टी उघडून काडतुसे दरीत सांडल्याच्या तक्रारी बहुतेक ढिल्या खटक्यांच्याच असतात.

रायफल हवाली करण्याआधी पेटी पूर्ण भरा. वरचे एक काडतूस झाडा, खालची बाहेर काढून त्यांची टोके बघा आणि लांबी मोजा. हलक्या रायफलीच्या जोरदार धक्क्याने काडतुसे पेटीच्या पुढच्या भिंतीवर आदळतात, शिशाची मऊ टोके चेपतात, कधी गोळी केसमध्ये आत सरकते. दोन-तीन झाडल्यानंतर तळाच्या काडतुसाची लांबी कमी भरली, तर पेटीची लांबी आणि काडतुसांची पकड पुन्हा जुळवा. मग रायफल डावीकडे, उजवीकडे आणि नळी खाली करून बोल्ट सावकाश चालवा, कारण उतारावर कुणी ती सरळ धरत नाही. माउझर पद्धतीच्या ॲक्शनमध्ये काडतूस वर येतानाच एक्स्ट्रॅक्टरच्या नखात अडकते, तिथे ही चाचणी सहसा पार पडते. इतर ॲक्शनांत पेटीच्या ओठांवर कानस चालवावी लागेल. ते काम गिऱ्हाईक समोर असतानाच करा, म्हणजे आपण पैसे कशाचे दिले हे त्याला दिसेल.